गॅस लीक डिटेक्टर कायद्याने लागतोच का? घराचं उत्तर वेगळं, धंद्याचं वेगळं

"गॅस डिटेक्टर कंपलसरी आहे का हो?" असं विचारलं की एक जण ठासून हो म्हणतो, दुसरा म्हणतो छे, असलं काही नसतं, आणि गंमत म्हणजे दोघंही आपापल्या जागी बरोबर असू शकतात. कारण उत्तर तीन गोष्टींवर अडकलेलं असतं: जागा कोणाची, तिथे राहतं किंवा काम करतं कोण, आणि गॅस कुठला. ह्यातली एक गोष्ट बदलली की नियम बदलतो. त्यामुळे सरसकट उत्तर देणारा माणूस बहुतेक वेळा फक्त स्वतःच्या जागेबद्दल बोलत असतो.

आधी एक गोंधळ मिटवू, कारण अर्धे वाद इथेच होतात. भिंतीवर किंवा छताला लावायचे तीन वेगळे डबे बाजारात मिळतात आणि दिसायला तिघंही भावंडं. एक धुराचा अलार्म. दुसरा कार्बन मोनॉक्साइडचा, म्हणजे सीओचा. तिसरा ज्वलनशील गॅसचा, हाच आपला लीक डिटेक्टर. सीओ हा गळणारा गॅस नाही, तो गॅस, लाकूड, कोळसा असं काहीही अर्धवट जळलं की तयार होतो. म्हणजे नळी सुटून एलपीजी खोलीभर पसरला तरी सीओचा अलार्म ढिम्म बसून राहील, त्याचं ते कामच नाही. उलट गीझर नीट जळत नसेल आणि सीओ साचत असेल तर साध्या गॅस डिटेक्टरला त्याचा पत्ता लागणार नाही. काही मॉडेल दोन्ही करतात पण तसं वर स्पष्ट लिहिलेलं असतं. डबा उलटा करा आणि मागचं लेबल वाचा, सगळी कुंडली तिथेच असते: कुठला गॅस ओळखतो, कुठल्या स्टँडर्डने पास झालाय, कधी बदलायचा. युरोपच्या मालावर ईएन ५०१९४ दिसलं तर तो घरगुती ज्वलनशील गॅसचा, ईएन ५०२९१ दिसलं तर सीओचा. अमेरिकेच्या मालावर तेच यूएल १४८४ आणि यूएल २०३४ असं असतं. लेबलवर ह्यातलं किंवा तुमच्या देशाच्या स्टँडर्डचं काहीच नसेल तर तो डबा कितीही सुंदर लाइट मारत असला तरी कायद्याच्या नजरेत शोभेची वस्तू.

बरं, आता कायद्याकडे. कायदा ह्या विषयावर दोन पद्धतीने बोलतो आणि हे एकदा समजलं की पुढचं सोपं आहे. पहिली पद्धत सरळ: "अमुक प्रकारच्या इमारतीत, अमुक खोलीत डिटेक्टर लावा." दुसरी पद्धत आडवळणाची: "तुमच्या जागेत स्फोटाचा किंवा विषारी गॅसचा धोका असेल तर तो ओळखा आणि आटोक्यात ठेवा," आणि तो कसा आटोक्यात ठेवायचा हे मालकाने ठरवायचं. ह्या दुसऱ्या पद्धतीत डिटेक्टर हा शब्दसुद्धा कायद्यात सापडत नाही, मग लोक म्हणतात बघा, कुठे लिहिलंय? लिहिलेलं नाही, पण धोका असताना काही केलं नाही तर जबाबदारी चुकत नाही.

सरळ पद्धतीची उदाहरणं घ्या. अमेरिकेतल्या मेन राज्यात १ जानेवारी २०२२ पासून अपार्टमेंट, हॉस्टेल, हॉटेल आणि बऱ्याच व्यवसायाच्या जागांमध्ये, जिथे गॅसवर चालणारं उपकरण आहे तिथे डिटेक्टर लागतो. न्यूयॉर्क शहराने २०१६ मध्येच राहत्या इमारतींसाठी कायदा केला. चीनने कामाच्या सुरक्षेचा कायदा २०२१ मध्ये दुरुस्त केला, तो १ सप्टेंबर २०२१ पासून लागू झाला, आणि त्यात खानावळी-रेस्टॉरंटसारख्या गॅस वापरणाऱ्या धंद्यांना ज्वलनशील गॅसचा अलार्म लावणं बंधनकारक झालं. त्या कलमातली मला आवडलेली गोष्ट म्हणजे नुसतं "बसवा" म्हणून सोडलेलं नाही, तो "नीट चालू राहील ह्याची खात्री करा" हेही त्याच वाक्यात आहे. बसवून प्लग काढून ठेवणाऱ्यांना कायदा करणारे चांगले ओळखून असावेत.

हे सगळे नियम शांतपणे बसून कोणाला सुचले असं समजू नका. जवळजवळ प्रत्येकाच्या मागे एक स्फोट आहे. जपानमधल्या शिझुओका शहरात १६ ऑगस्ट १९८० ला एका भूमिगत बाजारात आधी एक छोटा स्फोट झाला, बघायला आणि मदतीला अग्निशमनवाले वगैरे माणसं जमली, आणि साधारण अर्ध्या तासाने दुसरा मोठा स्फोट झाला. पहिल्या धक्क्यात गॅसची पाइप फुटून मधल्या वेळात गॅस साचत गेला होता. १५ माणसं गेली, दोनशेच्या वर जखमी. त्यानंतर तिकडच्या अग्निसुरक्षा नियमांत भूमिगत बाजार आणि मोठ्या तळघरांसाठी गॅसगळतीची अलार्म यंत्रणा आली. न्यूयॉर्कच्या कायद्याच्या आधी २०१४ मध्ये हार्लेममध्ये आणि २०१५ मध्ये ईस्ट व्हिलेजमध्ये इमारती उडाल्या होत्या. मेनच्या आधी सप्टेंबर २०१९ मध्ये फार्मिंग्टन गावात जमिनीखालची प्रोपेनची (एलपीजीतला एक मुख्य गॅस) लाइन तुटून गॅस तळघरात शिरला आणि तपासायला आत गेलेल्यांमधला एक अग्निशमन जवान गेला. म्हणून नियमांमध्ये तळघर, मीटर रूम, भूमिगत जागा असे शब्द पुन्हा पुन्हा येतात. जिथे गॅस साचतो आणि माणूस नसतो, तिथे.

इथे एक जण हमखास म्हणतो, अहो पण गॅसला वास येतो ना, मग डबा कशाला? वास येतो तोसुद्धा कायद्यामुळेच येतो! मूळ नैसर्गिक गॅसला वास नसतो. १८ मार्च १९३७ ला टेक्सासमधल्या न्यू लंडन गावच्या शाळेच्या खाली असाच बिनवासाचा गॅस साचला, सँडिंग मशीनच्या ठिणगीने पेटला आणि जवळपास ३०० जीव गेले, बहुतेक मुलं. त्यानंतर गॅसमध्ये वासाचं रसायन घालायची सक्ती सुरू झाली, ती नंतर जगभर पसरली. आज अमेरिकेच्या पाइपलाइन नियमात असं आहे की हवेतला गॅस पेट घेण्याच्या किमान प्रमाणाच्या पाचव्या भागाला पोचला की साधारण नाक असलेल्या माणसाला तो कळला पाहिजे.

पण नाक काही चोवीस तास ड्युटीवर नसतं. झोपेत वास कळेलच असं नाही, सर्दी आहे, वय झालंय, आजारपणात वास गेलाय, असे कितीतरी लोक. शिवाय त्याच वासात थोडा वेळ बसलं की नाक तो वास धरणं सोडून देतं. जमिनीखालून गळती होऊन गॅस मातीतून झिरपत आला तर माती ते वासाचं रसायन शोषून घेऊ शकते आणि घरात येईपर्यंत वास विरलेला असतो. आणि मघाशी म्हटलं तसं, मीटर रूममध्ये नाक घेऊन बसलेलं कोणी नसतंच. १० ऑगस्ट २०१६ ला अमेरिकेत सिल्व्हर स्प्रिंग इथे अपार्टमेंटच्या मीटर रूममध्ये गॅस साचून स्फोट झाला, सात रहिवासी गेले, आणि तिथल्या वाहतूक व पाइपलाइन अपघात तपासणाऱ्या राष्ट्रीय मंडळाने नंतर राहत्या इमारतींत मिथेन डिटेक्टर यायला हवेत अशी शिफारस केली.

आता तो "पेट घेण्याचं किमान प्रमाण" काय प्रकार आहे ते जरा सावकाश बघू, कारण सगळे नियम त्याच आकड्याभोवती फिरतात. ह्याला एलईएल म्हणतात. हवेत गॅस फार कमी असेल तर तो पेटत नाही, फारच जास्त असेल तरी पेटत नाही, मधल्या पट्ट्यात असेल तर ठिणगीची वाट बघत असतो. मिथेनसाठी म्हणजे पाइपच्या गॅससाठी हा पट्टा साधारण ५ ते १५ टक्के, प्रोपेनसाठी साधारण २ ते साडेनऊ टक्के. डिटेक्टर "१० टक्के एलईएल" ला वाजतो म्हणजे हवेत १० टक्के गॅस झाल्यावर वाजतो असं नाही हां, हा गैरसमज फार आहे. मिथेनच्या बाबतीत ५ टक्क्यांचे १० टक्के, म्हणजे हवेत अर्धा टक्का गॅस झाला की तो बोंबलायला लागतो. खोली धरा ३ मीटर लांब, ३ रुंद, ३ उंच, म्हणजे २७ घनमीटर. त्यात १३५ लिटर मिथेन मिसळला की अलार्म, आणि पेटायच्या हद्दीत यायला लागतात १३५० लिटर. मधला फरक हा तुमचा बाहेर पडायचा वेळ. एलपीजीचं गणित जास्त भीतिदायक आहे, त्याच खोलीत जेमतेम एक किलो प्रोपेन सगळीकडे सारखा पसरला तर हद्द गाठली, आणि तो सारखा पसरतच नाही, जड असल्याने जमिनीलगत बसतो, म्हणजे पायाशी हद्द त्याच्या खूप आधी गाठलेली असते.

म्हणूनच नियमात जागेवर एवढा जोर. मिथेन हवेच्या जवळपास अर्ध्या वजनाचा, तो वर जातो, म्हणून डिटेक्टर छतापासून साधारण ३० सेंटीमीटरच्या आत. एलपीजी हवेच्या दीड-दोनपट जड, म्हणून डिटेक्टर जमिनीपासून तेवढ्याच उंचीच्या आत. उलटं लावलं तर तांत्रिकदृष्ट्या डिटेक्टर "बसवलेला" आहे, तपासणीच्या कागदावर टिक आहे, आणि उपयोग शून्य. न्यूयॉर्कच्या नियमात तर आडवं अंतरही दिलंय, गॅसच्या उपकरणापासून ३ फुटांपेक्षा जवळ नको आणि १० फुटांपेक्षा लांब नको. फार जवळ लावला तर शेगडी पेटवताना निसटणाऱ्या चिमूटभर गॅसलाही वाजत बसतो आणि मग वैतागून कोणीतरी तो काढून कपाटात टाकतं. खिडकीशेजारी, एक्झॉस्ट फॅनच्या तोंडाशी, कपाटाच्या मागच्या कोपऱ्यात, थेट बर्नरच्या डोक्यावर, ह्या सगळ्या जागा टाळायला कंपनीच्या माहितीपत्रकात सांगितलेलं असतं, आणि बऱ्याच ठिकाणचा कायदा "कंपनीच्या सूचनेप्रमाणे बसवा" एवढंच म्हणून मोकळा होतो, म्हणजे ते पत्रकच नियमाचा भाग झालं. फेकू नका ते.

स्टँडर्ड आणि कायदा ह्यातला फरकही इथेच सांगून टाकतो. एनएफपीए ही अमेरिकेतली अग्निसुरक्षेची संस्था, तिने २०२३ मध्ये ज्वलनशील गॅसच्या डिटेक्टरसाठी स्वतंत्र स्टँडर्ड काढलं, नंबर ७१५, त्यात १० टक्के एलईएलला अलार्म वाजला पाहिजे असं आहे. पण संस्थेने छापलं म्हणजे ते आपोआप कायदा झालं असं नाही. एखाद्या राज्याने किंवा शहराने ते आपल्या नियमात उचललं की मग त्याला दात येतात. विकणारे लोक "स्टँडर्डप्रमाणे सक्तीचं आहे" असं बिनधास्त ठोकून देतात, तेव्हा विचारायचं, कोणी सक्ती केली, कुठल्या नियमाने, माझ्या प्रकारच्या जागेला लागू आहे का.

घराचं म्हणाल तर स्वतःच्या मालकीच्या, एकट्या घरात बहुतेक ठिकाणी कायदा तोंड उघडत नाही. तुमचं घर, तुमची जबाबदारी. तो बोलतो तीन प्रसंगी: घर भाड्याने दिलं असेल, इमारतीत अनेक कुटुंबं असतील, किंवा बांधकाम नवं असेल. भाड्याच्या घरात साधारण वाटणी अशी असते की बसवायचं मालकाने, आणि प्लग चालू ठेवायचा, अधूनमधून बटण दाबून बघायचं, बिघडला तर कळवायचं, बंद पाडायचा नाही, हे भाडेकरूने. मेनच्या कायद्यात ही वाटणी लिहूनच ठेवलीय. इंग्लंडमध्ये मात्र वेगळंच आहे, तिथे १ ऑक्टोबर २०२२ पासून भाड्याच्या घरात जिथे जळणावर चालणारं कायम बसवलेलं उपकरण आहे त्या खोलीत मालकाने सीओचा अलार्म लावायचा, पण त्यातून गॅसची शेगडी वगळलीय, आणि गॅसगळतीचा डिटेक्टर त्या नियमात नाहीच. त्याऐवजी भर आहे दरवर्षीच्या तपासणीवर, नोंदणी असलेल्या गॅस इंजिनियरने उपकरणं तपासून मालकाला सर्टिफिकेट द्यायचं आणि मालकाने ते भाडेकरूला द्यायचं. म्हणजे दोन्ही देश एकाच धोक्याशी लढतायत, एक म्हणतो गळती पकडा, दुसरा म्हणतो गळतीच होऊ देऊ नका. माझं मत विचाराल तर वर्षातून एकदा येणारा इंजिनियर मधल्या ३६४ दिवसांची हमी देऊ शकत नाही, पण नुसता डबा लावून पाइपकडे कधी न बघणं त्याहून वाईट.

धंद्याचं गणित कडक असतं, कारण तिथे दुसऱ्यांचा जीव मालकाच्या भरवशावर असतो. ब्रिटनमध्ये २००२ पासूनच्या स्फोटक वातावरणाच्या नियमांखाली मालकाला धोक्याचं मूल्यमापन करावंच लागतं, पाच किंवा जास्त माणसं कामाला असली तर त्यातले मुख्य मुद्दे लेखी ठेवावे लागतात. त्यात तुम्ही लिहिलंत की इथे गॅस साचू शकतो, तर पुढचा प्रश्न येतोच, मग तुम्ही काय केलंत? वायुवीजन, आपोआप बंद होणारा व्हॉल्व्ह, डिटेक्टर, ह्यातलं काय योग्य ते तुम्हाला कारणासकट सांगता आलं पाहिजे. बंदिस्त जागांचं तर आणखी स्पष्ट आहे. टाकी, गटार, खड्डा, सायलो अशा ठिकाणी माणूस उतरवण्याआधी अमेरिकेच्या ओशाच्या (कामगार सुरक्षा बघणारं सरकारी खातं) नियमाप्रमाणे हवा तपासायची आणि तीही ठरलेल्या क्रमाने, आधी ऑक्सिजन, मग ज्वलनशील गॅस, मग विषारी. क्रम उगाच नाही, ज्वलनशील गॅस मोजणाऱ्या बऱ्याच सेन्सरना काम करायलाच ऑक्सिजन लागतो, तो कमी असेल तर आकडा खोटा सुरक्षित दाखवतो. नोव्हेंबर २०२५ पर्यंत लागू असलेल्या भारताच्या फॅक्टरीज ॲक्ट १९४८ च्या कलम ३६ मध्येही अशा जागेत जाण्याआधी सक्षम व्यक्तीने स्वतः चाचणी करून लेखी दाखला देण्याची तरतूद होती. इथे भिंतीवरचा डबा चालत नाही, हातात धरायचा किंवा कपड्याला अडकवायचा मीटर लागतो.

शिवाय "गॅस" म्हणजे फक्त इंधन असं धंद्यात नसतं. मोठ्या कूलिंग प्लांटच्या मशीन रूममध्ये रेफ्रिजरंटचा, म्हणजे थंडावा देणाऱ्या गॅसचा, डिटेक्टर लागतो. युरोपात ५०० टन कार्बन डायऑक्साइडच्या तोडीचा एफ-गॅस (फ्लोरिनयुक्त रेफ्रिजरंट) असलेल्या मोठ्या कूलिंग यंत्रणांना गळती ओळखणारी सिस्टिम सक्तीची आहे आणि ती वर्षातून एकदा तपासावी लागते, तिथे कारण स्फोटाचं नाही, हवामानाचं आहे. जपानमध्ये २००७ साली टोकियोतल्या एका गरम पाण्याच्या झऱ्यावर चालणाऱ्या स्पामध्ये पाण्याबरोबर जमिनीतून आलेला मिथेन साचून स्फोट झाला, तीन कर्मचारी गेल्या, आणि मग अशा झऱ्यांच्या जागांनाही मिथेनचे नियम लागले. त्याआधी स्पामध्ये गॅस डिटेक्टर म्हटलं असतं तर लोक हसले असते.

बसवून झाल्यावरचा भाग सगळ्यात दुर्लक्षित. सेन्सरला वय असतं, घरगुती मॉडेल बहुधा पाच ते दहा वर्षांत बदलायचं असतं, तारीख त्या मागच्या लेबलवर. हिरवा लाइट लागतोय म्हणजे सेन्सर जिवंत आहे असं नाही, तो फक्त वीज पोचतेय सांगतो. टेस्टचं बटण बऱ्याच मॉडेलमध्ये नुसता भोंगा आणि सर्किट तपासतं, सेन्सरला गॅस कळतोय का ते नाही. म्हणून काही हुशार लोक लायटरचा गॅस सोडून बघतात, ते करू नका, एवढा दाट गॅस अगदी जवळून मारला की काही सेन्सर बिघडतात. धंद्याच्या ठिकाणी ह्यासाठी मोजून बनवलेला टेस्ट गॅस वापरतात, ठरावीक मुदतीने कॅलिब्रेशन करतात, म्हणजे सेन्सरचा आकडा खऱ्या प्रमाणाशी जुळवून घेतात, आणि तारीख, आकडा, सही असं रजिस्टरमध्ये लिहितात. सिलिकॉनच्या स्प्रे-पॉलिशने एक प्रकारचा सेन्सर कायमचा आंधळा होतो, आणि त्याच्याच शेजारी ओळीने सिलिकॉन सीलंट लावणारे कारागीर असतात, काय बोलणार. तपासणीला आलेला अधिकारी डबा बघण्याआधी ते रजिस्टर मागतो, आणि अपघातानंतर वकील आणि विमावाले पण तेच मागतात.

आणखी एक, डिटेक्टर वाजला तर ऐकणार कोण? रात्री बंद असलेल्या जागेत भोंगा नुसता भिंतींना ऐकू जातो. म्हणून धंद्यात अलार्मबरोबर गॅसचा व्हॉल्व्ह आपोआप बंद होण्याची जोडणी करतात. ईएन ५०१९४ मध्येच दोन प्रकार केलेत, ए प्रकार वाजतो आणि बाहेरच्या व्हॉल्व्हलाही सिग्नल देऊ शकतो, बी प्रकार फक्त वाजतो. व्हॉल्व्ह बंद झाला की तो पुन्हा हाताने, कारण शोधल्यावरच चालू करायचा अशी रचना ठेवतात, आपोआप परत चालू होणारा नको. आणि माणसं हजर असतील तर त्यांना आधीच सांगितलेलं हवं की अलार्म वाजला की दिव्याचं बटण, पंखा, एक्झॉस्ट काही चालू-बंद करायचं नाही, ज्योत विझवायची, हाताशी असेल तर गॅस बंद करायचा, जाता जाता दार-खिडकी उघडायची, बाहेर पडायचं आणि फोन बाहेर जाऊन करायचा.

तुमच्या जागेचं उत्तर शोधताना मग कोणाला विचारायचं? अग्निशमन खातं, इमारत परवानगी देणारं ऑफिस, गॅस पुरवणारी कंपनी, ह्या क्रमाने, आणि धंदा असेल तर कामगार सुरक्षेचं खातं आणि विम्याची पॉलिसीही, कारण कधीकधी कायदा मागत नाही ते विमा कंपनी अटीत टाकून ठेवते. "डिटेक्टर लागतो का" असं मोघम विचारू नका, नाहीतर उत्तर पण मोघम मिळतं. इमारतीचा प्रकार, मालक की भाडेकरू, पाइपचा गॅस की सिलेंडर, तळघर आहे का, किती माणसं, हे सांगून विचारा आणि उत्तर शक्यतो लेखी घ्या. नियम कधीपासून लागू हेही त्यातच विचारा, कारण न्यूयॉर्कमध्ये कायदा २०१६ चा, मुदत ठरली होती १ मे २०२५, आणि तीसुद्धा नंतर पुढे ढकलली गेली, पण जुनी तारीख छातीठोकपणे सांगणाऱ्या पोस्ट अजून फिरतायत.